सस्पेन्स कॉर्ड नावाची कॉर्ड नसते

प्रश्न असा आहे: ‘किबोर्डच्या क्लासमध्ये सर जी७सस४ ला सस्पेन्स कॉर्ड म्हणतात. मराठीत तिला निलंबित म्हणावं का? शिवाय एकाच जॅझ गाण्याच्या तीन प्रतींमध्ये त्याच जागी एकीत डी मायनर ७/जी, दुसरीत एफ/जी आणि तिसरीत जी११ असं लिहिलंय. यातलं खरं नाव कोणतं?’

आधी सरांचं बघू. सस्पेन्स सिनेमात असतो. ‘सस’ हे ‘सस्पेन्डेड’चं आखूड रूप आहे, आणि ते कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांच्या जुडीला नाही, तिच्यातल्या एका सुराला लागू आहे. क्लासमध्ये, यूट्यूबवर, रिअ‍ॅलिटी शोच्या परीक्षकांच्या तोंडी, सगळीकडे हल्ली हा ‘सस्पेन्स’ बोकाळलाय. वर त्याचं स्पष्टीकरणही तयार असतं, की ही कॉर्ड ऐकल्यावर ‘आता पुढे काय होणार’ असं वाटतं म्हणे! असं तर कुठल्याही जी७ नंतर वाटतं. तिला का नाही कोणी सस्पेन्स म्हणत?

हार्मोनियम पुढ्यात घ्या. डाव्या हाताने खालची पांढरी पाच, म्हणजे जी, दाबून धरा. उजव्या हाताने पांढरी चार, सहा आणि वरच्या सप्तकातली पांढरी एक एकत्र दाबा. ही झाली तुमची एफ/जी. आता बाकी काही न हलवता ती वरची पांढरी एक सोडा आणि तिच्या शेजारची पांढरी सात दाबा. पांढरी पाच हा सा धरला तर तुम्ही मध्यमावरून शुद्ध गंधारावर उतरलात. या गंधाराची जागा तो मध्यम अडवून बसला होता. युरोपातल्या जुन्या काउंटरपॉइंटमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक चाली एकमेकींत गुंफायच्या शास्त्रात, याचे नियम कडक होते. आधीच्या मेळात हा सूर गोडीने बसलेला असायचा. खालचे सूर बदलले तरी तो जागचा हलायचा नाही, त्यामुळे ठोक्यावर खटकायचा, आणि मग एक पायरी खाली उतरून मोकळा व्हायचा. तयारी, खटका, उतार. हा जो जागचा न हललेला सूर, त्यालाच सस्पेन्शन म्हणायचे. मूळ लॅटिन धातू ‘पेन्देरे’, म्हणजे टांगणं, लटकणं. पेंडंट त्यातलंच, आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांचं लाडकं ‘पेंडिंग’सुद्धा. सस्पेन्सही त्याच कुळातला, हे मला ठाऊक आहे, पण भाऊबंद आहे म्हणून त्याच्या नावावर सातबारा होत नाही.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते. संस्कृतात टांगण्या-लोंबण्याचा धातू आहे ‘लम्ब्’. गणपती लंबोदर आहे तो पोट लांब आहे म्हणून नाही, ते खाली सुटलेलं आहे म्हणून. आपला ‘लांब’ या ‘लम्ब’वरूनच आला, पण लटकणं विसरून नुसती लांबी घेऊन आला. घड्याळाचा लंबक, कोणावर तरी ‘अवलंबून’ असणं, आणि तुमचं ‘निलंबित’ हे सगळे याच धातूचे. त्यामुळे सस्पेन्डेडला निलंबित हे भाषांतर धातूला धातू लावून पाहिलं तर अगदी बिनचूक आहे. आणि तरीही टाकाऊ आहे, कारण मराठी माणसाच्या कानात निलंबित म्हणजे लाच घेताना सापडलेला तलाठी. आमच्या मध्यमाने कोणाचे पैसे खाल्लेत?

पण याच धातूचा आणखी एक मुलगा गाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतोय: विलंबित. फ्रेंच लोक सस्पेन्शनला काय म्हणतात माहीत आहे? ‘रतार’. इटालियनमध्ये ‘रितार्दो’. दोन्हींचा सरळ अर्थ उशीर, विलंब! म्हणजे इंग्रजांना त्या सुराचं लटकणं दिसलं, फ्रेंच-इटालियनांना त्याचा उशीर ऐकू आला, आणि आपल्या एका ‘विलंब’मध्ये लटकणं आणि उशीर दोन्ही आधीपासून आहेत. गंधाराला यायला उशीर करणारा मध्यम, म्हणून ‘विलंबित मध्यम’. याहून नेमकी संज्ञा कोणी काढून दाखवावी. ‘विलंबित तर लयीचं नाव आहे, गोंधळ होईल’ असा आक्षेप हमखास येतो. घेणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे, की ‘मध्यम’ हा शब्द तुम्ही श्रुतिपेटीच्या सुरालाही वापरता, मध्यम वर्गालाही आणि मध्यम आचेवर भाजलेल्या रव्यालाही. तिथे कधी गोंधळलात?

आता जॅझवाल्यांची खोड. त्यांनी तयारीही सोडली आणि उतारही सोडला, फक्त खटका ठेवला. पियानोवादक हर्बी हॅनकॉकची १९६५ सालची ‘मेडन व्हॉयेज’ ही रचना ऐका. जवळजवळ सगळी सस कॉर्डांवर उभी आहे आणि मध्यम गंधारावर यायचं नावच घेत नाही. चार-चार मात्रांचे चार गट एक कॉर्ड, मग ती तशीच उचलून दुसऱ्या स्वरावर ठेवलेली. काही प्रतींत पहिल्या कॉर्डला डी सस लिहिलेलं सापडेल, काहींत ए मायनर ७/डी. शुद्धिवादी म्हणतात, जो सूर उतरतच नाही त्याला सस म्हणणं खोटं आहे, तेव्हा तिरकी रेघच बरी. मला हे पटत नाही. पेंडिंग फाइल निवृत्तीपर्यंत पेंडिंग राहिली तरी तिच्यावरचा शिक्का बदलत नाही.

उलट टोकाला जॅझ पियानोवादक मार्क लेव्हीन. १९९५ च्या त्यांच्या जॅझ थिअरीच्या जाडजूड ग्रंथात ते ठासून सांगतात, की सस कॉर्डमध्ये चौथा सूर तिसऱ्याची जागा घेतो हा गैरसमज आहे. साठच्या दशकापासून वादक दोन्ही एकत्र वाजवत आले आहेत. वाजवतात हे खरंच. मध्यम खाली आणि गंधार त्याच्या वर ठेवला तर छान लागतं, उलटं केलं तर दात आंबतात. पण वादकांनी पुढे एक सूर वाढवला म्हणून मुळातली जागा अडवणं हा ‘गैरसमज’ कसा ठरतो? नाव पडलं ते त्या अडवण्यावरून. लेव्हीन यांचा कान थोर होता, यात वाद नाही. व्युत्पत्ती त्यांनी त्या कानाच्या भरवशावर सोडायला नको होती.

तीन प्रती, तीन नावं. डी मायनर ७/जी या कॉर्डचे सगळे सूर मोजा: जी, ए, सी, डी, एफ. पांढरी पाच, सहा, एक, दोन, चार. आता यातला कुठलाही एक सूर सा धरा आणि बाकीचे ओळीने वाजवा. पांढरी चारपासून निघालात तर सा रे ग प ध, भूपाचे सूर. पांढरी दोनपासून निघालात तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी. पांढरी पाचपासून सा रे म प आणि कोमल नी, मधमाद सारंगाचे सूर. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत हे मला शिकवायला येऊ नका, इथे फक्त मूर्च्छना दाखवतोय. जॅझवाला याच पाच पट्ट्यांना पहिल्या वेळी एफ६/९ म्हणेल, दुसऱ्या वेळी डी मायनर ११, तिसऱ्या वेळी जी९सस. सूर तेच, सा बदलला की नाव बदललं. ज्याला मूर्च्छना कळते त्याला ‘खरं नाव कोणतं’ हा प्रश्न पडायलाच नको. षड्ज कोणाकडे आहे ते बघायचं, आणि जॅझच्या ताफ्यात तो डबल बासवाल्याकडे असतो. तो जी वाजवतोय ना? मग ती जी सस.

मग तीन प्रकारे लिहितात कशाला? वाचणारे वेगवेगळे असतात म्हणून. तिरक्या रेघेच्या वर जे आहे ते पियानो-गिटारवाल्याच्या हातासाठी, खालचं अक्षर बासवाल्यासाठी. एफ/जी लिहिलं की शिकाऊ पियानोवालासुद्धा उजव्या हाताने साधी एफ धरतो आणि विचार न करता जी९सस वाजवून मोकळा होतो. डी मायनर ७/जी लिहिणारा सांगतोय की डी मायनर आणि जी७ अशा दोन पायऱ्या एकावर एक रचल्यात. जी११ हा मात्र जुन्या छापील प्रतींचा आळस. शब्दशः घेतलं तर तिच्यात गंधार हवा, पण सगळे तो गाळून वाजवतात आणि गाळायचा आहे हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि एक: रेघ तिरकी असेल तर खाली फक्त एक सूर, आडवी असेल तर खाली अख्खी दुसरी कॉर्ड. हा फरक न पाळणाऱ्या वह्या मी पाहिल्यात आणि त्यांवरून वाजवलेलं ऐकलंही आहे, नको ते. मुंबईच्या सिनेसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर व्हायोलिनांना एकेक सूर स्टाफ नोटेशनमध्ये लिहून देत. तिथे नावाचा तंटाच नव्हता. कॉर्डच्या नावाची गरज पडते ती वाजवणाऱ्यावर काहीतरी सोपवायचं असतं तेव्हा.

सा बदलला की नाव बदलतं, याचा सगळ्यात गमतीदार पुरावा जॅझचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी याच्या १९७९ च्या आत्मचरित्रात आहे. आज आपण जिला ए मायनर ७ फ्लॅट ५ म्हणतो किंवा तिरकी काट मारलेलं शून्य काढून हाफ-डिमिनिश्ड म्हणतो, तो प्रकार त्याने पियानोवादक थेलोनियस मंककडून उचलला, आणि त्या काळी त्यांच्या लेखी ती ‘मायनर सिक्स्थ, बेसमध्ये सहावा’ होती. पेटीवर: पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, पांढरी सहा, म्हणजे सी मायनर ६. त्यातली पांढरी सहा खाली नेली की झाली. मंकच्या कानात षड्ज अजून सी होता, फक्त बूड बदललं होतं. आजचं नाव घेणाऱ्याने षड्जच उचलून ए वर नेला, कारण त्याला तिथून डी७ गाठायची असते. पहिल्या नावात कॉर्ड घरी बसलेली आहे, दुसऱ्या नावात ती स्टँडवर उभी आहे.

सी६ आणि ए मायनर ७ यांचं भांडणही तेच, चारही सूर सारखे. इथे माझा एक लाडका तर्क आहे, आणि तो ऐकून लोक मान हलवतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या गाण्यांच्या छापील प्रतींवर गायकीच्या ओळीच्या वर युकुलेलेच्या चौकटी छापायची पद्धत पडली. युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा लावतात. एकही बोट न ठेवता नुसता हात फिरवला की वाजते सी६! शिवाय तारा लावायच्या पारंपरिक पद्धतीत जीची तार वरच्या सप्तकात असते, म्हणजे सगळ्यात खालचा सूर सी. ज्या वाद्याच्या मोकळ्या तारांतच सहावा सूर बसलाय, त्याच्या घराघरांतल्या वादकांनी ‘सहा’ला पाहुणा न मानता घरचा मानला आणि नाव रुळलं, असं माझं म्हणणं. लगेच कोणीतरी रामोचं नाव काढून मला गप्प करू बघतो. अठराव्या शतकात या फ्रेंच पंडिताने ‘जोडलेला सहावा’ मांडला, एफ-ए-सी-डी या सुरांना एफही मूळ आणि डीही मूळ असा दुहेरी हिशेब केला, सगळं कबूल. पण न्यूयॉर्कच्या दुकानात चार आण्यांची प्रत घेणाऱ्या पोराने रामो वाचला होता का? त्याने तारा छेडल्या.

त्याच न्यायाने माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘सो व्हॉट’ या जॅझ रचनेत बिल एव्हन्सने पियानोवर वाजवलेली ती प्रसिद्ध कॉर्ड. खालून ई, ए, डी, जी, बी. गिटारच्या जाड तारेपासून पाच तारा मोकळ्या छेडा, तीच. तिला ई मायनर ११ म्हणा, ए९सस म्हणा, जी६/९ म्हणा, वरची मूर्च्छना इथेही तशीच फिरते. वादकांनी शेवटी कंटाळून तिला ‘सो व्हॉट कॉर्ड’ म्हणून टाकलं.

राहता राहिला सस२, ज्याच्याबद्दल कोणी विचारलेलं नाही, पण सरांच्या यादीत तो नक्की असणार. सी सस२ म्हणजे सी, डी, जी. जी सस४ म्हणजे जी, सी, डी. त्याच तीन पट्ट्या. आता यात लटकलंय कोण? जुन्या नियमात लटकलेला रिषभ उतरतो तो षड्जावर, त्याचा गंधाराशी काही संबंध नसतो, मग ‘दुसरा तिसऱ्याच्या जागी सस्पेन्ड झाला’ हे कुठून काढलं? पॉपवाल्यांनी सस४ ला जोडीदार हवा म्हणून बनवलेला शब्द आहे हा. वापरायचाच असेल तर वापरा, पण जॅझच्या कागदावर नुसतं ‘सस’ दिसलं तर ते चारच समजायचं आणि कोमल नी न विचारता घालायचा. दोनवालं हवं असेल तर आकडा लिहा, आणि सरांनाही लिहायला लावा.