नैराश्याची औषधं चालू आहेत हे गावात उघड सांगावं का? घरचे नको म्हणतात.

सांगावं, पण आधी एकाच माणसाला. जो वेळेला सोबत एसटीने जिल्ह्याला येईल, त्याला. बाकी वाडीची घाई नको.

मीही गोळ्या घेतो, रत्नागिरी तालुक्यातच राहतो. आपल्याकडे जरा जास्तच जड जातं, कारण मनोरुग्णालय इथलंच, इंग्रजांच्या काळापासूनचं. त्यावरून थट्टा ऐकतच आपण मोठे झालो. प्रत्यक्षात ओपीडीत बघा, झोप न लागणारे, बाळंतपणानंतर खचलेल्या बाया, दारू सोडवायला आलेले, सगळी आपल्यासारखीच माणसं असतात आणि औषध घेऊन संध्याकाळी घरी जातात.

आई देवळात गाऱ्हाणं घालते म्हणाली तर घालू दे, भांडू नका. गोळी मात्र चुकवू नका. या गोळ्यांचा गुण यायला बहुतेकदा 2 ते 4 आठवडे लागतात. आठवडाभरात फरक दिसत नाही म्हणून लोक सोडतात आणि मग 'बाधाच आहे' ठरतं. बरं वाटल्यावरही साधारण 6 महिने तरी चालू ठेवायला सांगतात. बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

गणपतीत चाकरमानी जमले की कोणीतरी 'लग्न कर, सगळं ठीक होईल' म्हणणारच. 'औषध चालू आहे, गुण येतोय' एवढं पुरे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय आहे. जीव नकोसा वाटला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, 14416. मोफत, रात्रीही, मराठीतही बोलता येतं.