छेडछाडीविरुद्ध अंगावर घालायच्या कलाकृतीचं एखादं खरं उदाहरण सांगाल का?

मला पहिलं आठवतं ते काबूलचं चिलखत. कुब्रा खादेमी ही अफगाण कलाकार. चार-पाच वर्षांची असताना रस्त्यात कुणीतरी तिच्या अंगाला हात लावला, आणि तिला वाटलं, माझी चड्डी लोखंडाची असती तर! ती गोष्ट तिने मोठेपणी खरी केली. काबूलमधल्या एका लोहाराकडून पत्र्याचं चिलखत ठोकून घेतलं. छाती आणि नितंब मुद्दाम ठळक, गोलाकार. जिथे हात जातात तिथेच पत्रा.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ते कपड्यांवर चढवून, डोक्याला रुमाल बांधून ती भर रस्त्यात चालायला लागली. ठरवली होती दहा मिनिटं, जमली आठच. मागे पुरुषांचा घोळका, शिव्या, हसणं, दगड. शेवटी गाडीत बसून निघावं लागलं. पुढे धमक्या आल्या, देश सोडावा लागला. मग ती फ्रान्समध्ये स्थायिक झाली.

आता कुणी म्हणेल, यात कला काय, नुसतं पत्रा घालून चालणं! अहो, पण तो घोळकाच तर कलाकृतीचा अर्धा भाग. चिलखत प्रदर्शनात नुसतं टांगलं असतं तर लोक 'छान' म्हणून पुढे गेले असते.

आपल्याकडचं पाहायचं तर बेंगळुरूच्या जस्मीन पथेजा यांचा 'ब्लँक नॉइज' हा छेडछाडीविरुद्धचा कलाप्रकल्प शोधा. तिथे उलटं आहे: छेड काढली गेली तेव्हा अंगात असलेले कपडे बायका आणून देतात. साधे सलवार-कमीज, शाळेचे गणवेशसुद्धा.