आधी वीस मीटर नीट मोजा

खानापूर तालुक्यातल्या एका पीटी सरांनी विचारलंय: आठवी ते दहावीची साठेक मुलं, ग्राऊंड लहान आणि एका अंगाला उतरतं. कूपर टेस्ट (बारा मिनिटांत किती अंतर पळतो ते मोजायचं) घेतली तर पोरं पहिली फेरी जीव तोडून पळतात, मग चालत सुटतात. दम मोजायला दुसरं काय घ्यावं?

सर, पोरांचं काही चुकत नाही. बारा मिनिटांचा अंदाज घेऊन पळणं हे वेगळंच कसब आहे, ते सरावानं येतं. केनेथ कूपरनी १९६८ साली ती पद्धत मांडली तीही अमेरिकी हवाई दलातल्या मोठ्या माणसांवरून. सरकारच्या खेलो इंडिया चाचणीतली ६०० मीटरची धाव घ्यावी लागते, ती घ्याच. पण दोन-तीन मिनिटांत संपणाऱ्या पळण्यात दम कमी असलेलं पोरगंही नुसत्या जोरावर बरंच निभावून नेतं.

तुम्ही वीस मीटरची बीप टेस्ट घ्या: वीस मीटरवर दोन रेषा, आणि दर बीपच्या आत समोरची रेष गाठत येरझाऱ्या घालायच्या. कॅनडातले संशोधक ल्यूक लेजे यांची ही चाचणी १९८२ ची. एकेका मिनिटाच्या पायऱ्यांचं आजचं रूप १९८८ मध्ये आलं. सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरनं, पुढं दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ. वेग बीप ठरवते, त्यामुळं पहिल्या फेरीतच सुसाट सुटायची सोय नाही. सलग दोनदा बीपच्या आत रेषेवर पाय पडला नाही, की बाहेर. आठ-दहा जणांचा एक गट करा आणि प्रत्येकामागं फेऱ्या मोजायला एक पोरगं बसवा. आणि उतारावर आडवं पळवा, चढ-उतार नको.

आता माझी फजिती. निपाणीकडं नोकरीला असताना मी नायलॉनच्या दोरीनं अंतर मोजून फक्की मारायचो. दोन वर्षं तेच. एकदा गवंड्याचा टेप मिळाला म्हणून सहज लावून बघितला, तर दोरी ताणून ताणून एकवीस मीटर झालेली! मीटरभरानं काय होतंय, असं वाटेल. आठव्या पायरीला वेग ताशी १२, म्हणजे वीस मीटरला बरोबर सहा सेकंद. तेवढ्याच सहा सेकंदांत एकवीस मीटर कापायचे तर वेग १२.६ लागतो. म्हणजे पोरं पळत होती नवव्या पायरीच्याही वर, आणि मी लिहीत होतो आठवी. दोन वर्षांची रजिस्टरं रद्दीत गेली. म्हणून टेप स्टीलचाच घ्या. बीपची फाईलही स्टॉपवॉच लावून एकदा तपासा.

वळणाकडं लक्ष ठेवा. मुरमावर अनवाणी पोरगं घसरतं, आणि काही जण रेषेपाशी बैलगाडीगत मोठा वळसा घेतात. कबड्डीची पोरं पाय रोवून झटक्यात फिरतात, त्यांना इथं फुकटचा फायदा. याउलट तालमीतला सत्तर किलोचा पैलवान पाचव्या पायरीला बसतो, कारण तेवढं अंग दरवेळी थांबवून परत उचलायचं असतं. त्याला बिनदमाचा म्हणू नका, आखाड्यात बघा त्याला. मुलींचा गट वेगळा घ्या, पोरांना कट्ट्यावर बसू देऊ नका; माझ्याकडं एवढ्यानंच मुलींच्या पायऱ्या वाढल्या.

शेवटच्या पायरीच्या वेगावरून सूत्रानं ऑक्सिजनचा आकडा काढतात, म्हणजे अंग जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज; त्याला फार भाव देऊ नका. लेजेंच्या सूत्रात वयही धरतात. चौदा वर्षांचा मुलगा ताशी ११ च्या पायरीवर थांबला तर आकडा ४४.८ येतो. पुढच्या वर्षी त्याच पायरीवर थांबला तर ४३.३! एकानं मला काळजीनं विचारलं होतं, 'सर, माझा दम कमी झाला काय?' तेव्हापासून पोरांना मी फक्त पायरी आणि फेरी सांगतो.

भरतीची तयारी करणारे १.६ किलोमीटरचा विषय काढतील. ती घड्याळाशी शर्यत आहे, तिचा सराव वेगळा करावा लागतो.

धाप लागणारी, छातीत दुखणारी, कधी चक्कर येऊन पडलेली पोरं आधी डॉक्टरांकडं. उपासाच्या दिवशी टेस्ट नको, आणि एप्रिलमध्ये सकाळी आठच्या आत उरका. पहिल्यांदा घ्याल ती नुसती ओळख म्हणून, रजिस्टरात धरू नका. आठवड्यानं परत घ्या. नोंद करताना पायरी-फेरीच्या शेजारी एवढं लिहा: ग्राऊंड सुकं की ओलं, पाय अनवाणी की बुटात.