वार पुढे असताना जुळ्यांची हालचाल आणि ठोके

पहिलेच बाळंतपण, जुळी, एकविसावा आठवडा चालू. रिपोर्टमध्ये एका बाळाची वार (प्लॅसेंटा, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोहोचवणारा अवयव) गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला आणि दुसऱ्याची मागच्या भिंतीला असल्याचे लिहिले आहे. हालचाल मात्र डावीकडे, ओटीपोटाच्या बाजूलाच जाणवते, आणि मागच्या तपासणीत दुसऱ्या बाळाचे ठोके सापडायला बराच वेळ लागला, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातच सासूबाई ‘दुसरे जरा सुस्त दिसते’ म्हणाल्यापासून तुमची झोप उडाली आहे आणि घरी ठोके ऐकायचे डॉप्लर मागवावे का, हा तुमचा प्रश्न आहे. मी मुंबईतल्या एका प्रसूतिगृहातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीला जुळी झाली, तेव्हा तिच्याही रिपोर्टमध्ये हाच मजकूर होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वार पुढच्या भिंतीला असली की तुमच्या पोटाची कातडी आणि बाळ यांच्यामध्ये रक्ताने भरलेली एक मऊ गादीच येते. बाळाची लाथ आधी त्या गादीवर बसते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. मागच्या भिंतीला वार असलेल्या बाळाच्या आणि पोटाच्या मध्ये हा थर नसतो, म्हणून त्याची लाथ थेट कळते. माझी मुलगी पोह्यांची वाटी पोटावर ठेवून खात असे. डावीकडे ठेवली की वाटी हलायची, त्यातला चमचा किणकिणायचा. उजवीकडे ठेवली की वाटी जागच्या जागी आणि तिला आतून एवढेच जाणवे, की जाड गोधडीखाली कोणी हळूच बोट फिरवत आहे. सोनोग्राफीत पाहिले तर दोघांची उसळी सारखीच होती.

पहिलटकरणीला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळू लागते. वार पुढे असेल तर त्याला आणखी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. पोटात दोन बाळे आहेत म्हणजे हालचाल लवकर कळायला हवी, हा समज सर्रास आढळतो, पण या आठवड्यात दोन्ही बाळे एवढीशी असतात आणि गादीमागचे बाळ गादीमागेच असते. त्यामुळे एकविसाव्या आठवड्यात एकाच बाजूची हालचाल जाणवणे आणि दुसरी न जाणवणे यात मला तरी काही वावगे दिसत नाही. २४ आठवडे पूर्ण होईपर्यंत पोटात काहीच हालचाल कळली नाही, तर मात्र वार कुठेही असो, डॉक्टरांना दाखवायचेच. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पुढच्या वारेमुळे हालचाल कमी जाणवू शकते हे मान्य केले आहे, पण ते २८ आठवड्यांच्या आधीच्या काळापुरते.

सगळे खापर वारेवर फोडणेही बरोबर नाही. जाणवते ते मुख्यतः पायांचे, आणि पाय कुठे आहेत हे बाळ कसे पडले आहे त्यावर ठरते. डोके वर आणि पाय खाली असलेले बाळ मूत्राशयावर लाथा मारते, आडवे असलेले एका कुशीत. या आठवड्यांत बाळे रोज कूस बदलतात, त्यामुळे आजची ‘शांत बाजू’ परवा बोलकी होऊ शकते. शिवाय जुळ्यांमध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. एकाने ढकलले की दुसरेही हलते, म्हणून ही लाथ नेमकी कोणाची हे आईलाही खात्रीने सांगता येत नाही. दोन वेगळ्या वारा शेजारीशेजारी रुजल्या तर एकमेकींना चिकटून एकच वार असल्यासारख्या दिसतात, हेही लक्षात असू द्या. म्हणून वार एक की दोन, हा निर्णय पहिल्या तिमाहीच्या, म्हणजे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीवर सर्वांत भरवशाचा असतो. तो रिपोर्ट फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा.

आता ठोक्यांविषयी. जुळ्यांच्या बाबतीत ठोके ‘सापडणे’ सोपे असते. सापडलेले ठोके दोन वेगळ्या बाळांचे आहेत हे सिद्ध करणे अवघड असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका जुळ्यांच्या आईचे पोट तपासून डावीकडे १४४ आणि उजवीकडे १४४ अशी नोंद मोठ्या समाधानाने केली होती. आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी कागद पाहिला, काही बोलल्या नाहीत, ठोके ऐकायची दुसरी लाकडी नळी घेऊन आल्या आणि मला पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभे केले. दोघींनी एकाच वेळी कान लावायचे आणि ऐकू येईल त्या ठोक्याला हवेत बोट हलवायचे. आमची बोटे अगदी बरोबरीने हलत होती. म्हणजे मी एकाच बाळाचे हृदय दोन जागांवरून ऐकले होते. मग त्यांनी आपली नळी बेंबीच्या वर सरकवली आणि थोड्या वेळाने त्यांचे बोट माझ्या बोटाच्या मागे पडू लागले. दोघींच्या मोजणीत मिनिटाला निदान १० ठोक्यांचा फरक आणि दोन जागांच्या मध्ये काहीच ऐकू न येणारा पट्टा, हा तेव्हाचा नियम होता. आज ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या एनएसटी यंत्राला ठोक्यांसाठी दोन पट्टे लावून दोन्ही आलेख एकाच कागदावर घेतात. त्यातही दोन्ही रेघा एकमेकींवर चढू लागल्या की सिस्टर पट्टा सरकवते, ते याच कारणाने.

वार पुढे असली की यात आणखी एक घोळ होतो. डॉप्लर पोटावर ठेवताच वाऱ्यासारखा ‘हूश-हूश’ आवाज येतो. हा गर्भपिशवीच्या आणि वारेच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांचा असतो आणि तो आईच्या नाडीच्या गतीने चालतो. बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात आणि दुडक्या चालीच्या घोड्यासारखे वाजतात. एका हाताने मनगटाची नाडी धरली की फरक लगेच कळतो, पण भीतीने आईचीच नाडी ११०च्या पुढे गेली असेल तर तोही आधार उरत नाही. गादीमुळे ठोके अगदी ऐकूच येत नाहीत असे नाही. डॉप्लरचे ध्वनितरंग वारेतून जातात. मात्र बाळ खोलवर असते, कोन नेमका साधावा लागतो आणि जुन्या लाकडी नळीने तर पुढच्या वारेआडचे बाळ पुष्कळदा हुलकावणीच देत असे. तुमच्या डॉक्टरांना वेळ लागला त्याचा अर्थ बहुधा एवढाच.

म्हणूनच घरी डॉप्लर घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला डावीकडचे बाळ दोनदा ऐकू येईल आणि उजवीकडचे ठीक आहे असे वाटेल, किंवा उजवीकडे काहीच न सापडून तुम्ही रात्रभर रडाल. यातले पहिले अधिक घातक आहे. ठोके चालू आहेत एवढ्यावरून बाळ ठीक आहे असे होत नाही; त्रासात असलेल्या बाळाचेही ठोके लागतात, आणि तो दिलासा घेऊन बायका दवाखान्यात जायला एक दिवस उशीर करतात.

वारेची जागा हे ‘उशिरा कळते’ आणि ‘पुसट कळते’ या दोन गोष्टींचे कारण आहे. ‘कालपर्यंत कळत होते, आज कळत नाही’ याचे ते कारण नव्हे, कारण वार कालही तिथेच होती. २८ आठवड्यांनंतर दोन्ही बाजूंची ठेवण तुमच्या अंगवळणी पडलेली असेल. रात्री जेवून डाव्या कुशीवर पडल्यावर कोणती बाजू कधी जागी होते ते वहीत दोन शब्दांत टिपत जा. दोन तासांत दहा हालचाली मोजायची पद्धत तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण जुळ्यांमध्ये त्या दहाही एकाच बाळाच्या असू शकतात. म्हणून आकड्यापेक्षा ठेवणीतला बदल महत्त्वाचा. एखादी बाजू नेहमीपेक्षा गप्प वाटली तर त्याच दिवशी जायचे. ‘सकाळची गर्दी ओसरली की लोकलने जाऊ’ असे म्हणायचे नाही. रात्री वाहन मिळत नसेल तर १०८ला फोन करा.

तुमच्या दोन वारा वेगळ्या आहेत ही जमेची बाजू. एकाच वारेवर दोन बाळे असतील तर एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त जास्त जाण्याचा धोका असतो, म्हणून १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. त्यात एका बाळाभोवती पाणी वाढून पोट चार-सहा दिवसांत ताणल्यासारखे मोठे होते, धाप लागते आणि हालचाल मंदावते. तसे झाले आणि कोणी ‘वार पुढे आहे म्हणून’ असे समजावले, तर ऐकू नका. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल, तर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे लागते. तुमच्या रिपोर्टमध्ये ती वर आहे, तेव्हा तो विषय सोडून देते.

वार पुढे म्हणजे मुलगा की मुलगी, असे घरात कोणी विचारलेच तर त्याचा काडीचाही संबंध नाही, एवढे सांगून विषय बंद करा. आणि महाराष्ट्रात तर गर्भाचे लिंग ओळखण्याच्या तपासणीवर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायद्याने बंदी आली होती, हेही सांगा.

पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी एक करा. उजवीकडच्या बाळाचा पाय हलताना दिसला की डॉक्टरांना सांगायला लावा आणि त्याच क्षणी आत काही जाणवते का, ते लक्ष देऊन पाहा. पडद्यावरची डावी-उजवी बाजू आणि आपली डावी-उजवी बाजू एकच नसते, म्हणून पोटावरची जागा बोटाने दाखवूनच विचारा. माझ्या मुलीने घरी आल्यावर त्या जागी पेनाने फुली मारली होती. चार दिवसांनी, फुलीपासून दोन बोटे खाली, तिला ते पहिल्यांदा ओळखू आले.