वजन विचारू नकोस, वजन कर

प्रिय पोरी,

तुझा फोन झाल्यापासून मन लागत नाही. "डॉक्टर तपासणारच आहेत, मग मी दवाखान्यात त्यांच्या खोलीबाहेर आजारी मुलांच्या वजन-तापाच्या मोजमापात वेळ का घालवू? केसपेपरचा गठ्ठा वाढतो आणि लोक माझ्यावरच खेकसतात," असं म्हणालीस. खेकसू देत. डॉक्टर औषधाचा हिशोब तुझ्या आकड्यावरच करतात. म्हणून आईला वजन विचारू नकोस, वजन कर.

पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम. आईने "दहा किलो" सांगितलं आणि बाळ साडेसातचं निघालं, तर 112 ऐवजी 150 मिलिग्रॅम जाणार, तेही दिवसातून चार वेळा. मागच्या महिन्याचं वजनही उतरवून घ्यायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. ओली लंगोटी, टोपडं, पायातले वाळे यांचे दोनशे ग्रॅम मोजलेस की न झालेली आठवड्याची वाढ कागदावर चढली. काटा सपाट ओट्यावर ठेव, दुपटं अंथरून शून्य कर, मग उघडं बाळ ठेव. काट्याची खात्री रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून करायची.

पण बाळ हातात आलं की लगेच काट्यावर नको, तिथेच क्रम चुकतो. आधी श्वास. आईच्या मांडीवर शांत किंवा झोपलेलं असतानाच, सदरा जरा वर करून, पोटाकडे बघत पूर्ण 60 सेकंद मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा मला चालत नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त आला, तर नंबर बाजूला ठेवून त्याला आत ने. छाती आत ओढली जात असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, झटका आला असेल किंवा मूल जागं होत नसेल, तर मोजायलाही थांबू नकोस.

श्वासानंतर ताप. मे महिन्यात चोपडा-यावलकडून एसटीत भाजून आलेल्या पोराला थोडं सावलीत बसू दे, काखेतला घाम पूस, मग थर्मामीटर लाव. वजन त्यानंतर. लांबी शेवटी, कारण तिथे मूल रडणारच. दोन वर्षांखालच्याला झोपवूनच मोजायचं: एकीने डोकं फळीला टेकवायचं, दुसरीने गुडघे सरळ धरायचे. एकटीने घेतलेली लांबी लिहूच नकोस.

सातपुड्यातून, धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेलं सहा महिने ते पाच वर्षांचं मूल असेल तर डाव्या दंडाचा घेरही घे. 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. आणि दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघ. खड्डा राहिला तर ती सूज आहे. सुजेचं पाणी वजनात मिळतं आणि वाळलेलं पोर काट्यावर ठीक दिसतं. इथे वजनावरही विसंबू नकोस, हात लाव.

मला लोक हट्टी म्हणतात. हट्ट नसता तर गर्दीच्या दिवशी काटा कोपऱ्यातच राहिला असता, कारण आकडा विचारून लिहिणं कुणालाही सोपं वाटतं.

बोलणं मात्र आईच्या भाषेत. "पोऱ्याले ताप शे" म्हणणाऱ्या बाईला "कितला दिन व्हयनात?" असंच विचार. घरी आधी काय दिलं, ते बाटली बघूनच लिही. ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतात, सिरपच्या पाच मिलीत 120 किंवा 250. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले की पाच मिलीत 500 मिलिग्रॅम गेले. निघताना सिरिंज आईच्याच हातात दे, सांगितलेल्या रेघेपर्यंत तिलाच भरायला लाव आणि रेघ चुकली तर पुन्हा भरायला लाव. मागे रांग ओरडली तरी.

तुझी,
मावशी