युद्धपट कशामुळे जमतो आणि कशामुळे फसतो?
सगळ्यात आधी भूगोल. शत्रू कुठल्या बाजूला, टेकडी किती लांब, आडोसा कुठे, हे लढाई पेटण्याआधी एखाद्या रुंद शॉटमध्ये कळलं नाही, तर पुढे नुसता धूर आणि आरडाओरडा उरतो. बहुतेक युद्धपट इथेच फसतात, पैसा कमी पडला म्हणून नव्हे.

मग आवाज. तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटरवरच्या तोफेची चमक आधी दिसते आणि धडाका जवळपास तीन सेकंदांनी ऐकू येतो. खरी भीती त्या तीन सेकंदांत असते, आणि संकलनात नेमकी तीच कापली जाते! हातबॉम्बमधून आगीचा नारिंगी लोळ दाखवणं तर सरळ चूक, तो पेट्रोलचा भडका असतो. खऱ्या स्फोटात क्षणभर चमक, मग धूळ आणि उडणाऱ्या कपच्या.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: सेकंदाला २४ फ्रेम (चित्रं) आणि १८० अंशांचं शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या ३६० अंशांच्या फिरत्या चकतीचा अर्धा भाग उघडा, असेल तर प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी राहते. शटर ४५ अंशांवर आणलं की १/१९२ सेकंद, आणि उडालेल्या मातीचा कण न् कण टोकदार दिसतो. अख्खा सिनेमा असा काढला तर मात्र डोळे थकतात.

शेवटी माणसं. एकाच गणवेशातले, चिखलाने माखलेले दहा चेहरे वेगळे ओळखू येत नाहीत. तीन-चार जणच ठळक हवेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं: वायरलेस, मशीनगन, औषधपेटी. मग वायरलेसवाला पडला की तुकडीवर काय ओढवलं, हे संवादाशिवाय कळतं.