मांडीवर देवी बसलेली जोडमूर्ती शंकर-पार्वतीची की लक्ष्मी-नारायणाची, हे कसं ओळखायचं?

तुमच्या गावच्या देवळाबाहेर पिंपळाखाली जोडमूर्ती आहे, देवाचे हात तुटलेत, वर शेंदूर फासलाय आणि निम्मा गाव तिला शंकर-पार्वती म्हणतो, निम्मा लक्ष्मी-नारायण. बरोबर ना?

मी साताऱ्याचा. सुट्टीला जुनी देवळं बघत हिंडायचा नाद आहे, त्यावरून सांगतो: आधी खाली बघा. आयुधं धरलेले हात पुढे आलेले असतात, ते पहिले जातात. बैठकीवरचं कोरीवकाम बऱ्याचदा शाबूत राहतं. तिथे नंदी असेल तर उमामहेश्वर, म्हणजे शंकर-पार्वती. पंख असलेला, हात जोडून बसलेला माणूस असेल तर तो गरुड, म्हणजे लक्ष्मी-नारायण. उमेच्या बाजूला कधी सिंह, कधी चक्क घोरपड असते. तिला पाल समजू नका. मधे बरगड्या दिसणारा हाडांचा सापळा नाचत असेल तर तो भृंगी. हा गडी फक्त शंकरालाच प्रदक्षिणा घालायचा, पार्वतीला वगळून. तिच्या शापाने अंगावरचं मांस गेलं, अशी कथा आहे. आता नाचत बसलाय दोघांच्याही पायाशी!

मग डोकं बघा. जटांचा मुकुट शंकराचा, उंच किरीट विष्णूचा. देवीचा उजवा हात देवाच्या मानेमागून जातो आणि पलीकडच्या खांद्यावर नुसती चार बोटं उमटतात. ही बोटं मी प्रत्येक मूर्तीत शोधतो. मूर्तिकाराचा हात तिथेच कळतो.

देवी देवाच्या डावीकडे असते, ती लग्नानंतर. घारापुरीच्या कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पात पार्वती शंकराच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचंय. आपल्याकडे नवरी बसते तशीच.

एक घोटाळा मात्र टाळा. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे स्मारक-दगड आहेत. अशा दगडांवर वरच्या चौकटीत पिंडीची पूजा करणारी माणसं दिसली की लोक सरळ शंकर-पार्वती म्हणून मोकळे होतात. पिंड आणि खाली लढाई असेल, तर तो लढून मेलेला वीर आहे.

शेंदूर खरवडू नका, ॲसिड तर नकोच. अंधार पडल्यावर टॉर्च बाजूने तिरका धरा, पुसट रेघाही उठून दिसतात. फोटो टाकणार असाल तर चेहऱ्याचा नको, बैठकीचा टाका.